जर्मनीतल्या लहान गावात कामाचा मुक्काम: खोलीआधी वेळा बघा

कंपनीच्या कामानिमित्त जर्मनीला माझं वरचेवर जाणं होतं, आणि मुक्काम बहुतेक वेळा बर्लिन-म्युनिकला नाही तर दक्षिणेतल्या एखाद्या लहान गावात असतो. पंखे, स्क्रू, व्हॉल्व्ह, पॅकिंगची यंत्रं बनवणारे तिथले कितीतरी कारखाने अशाच नदीकाठच्या, टेकड्यांआडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. या वेळी मुक्काम श्वेबिश हालला होता. स्टुटगार्टच्या ईशान्येला, कोखर नदीच्या काठावर वसलेलं हे गाव. एकेकाळी मिठावर श्रीमंत झालेलं, आणि हेलर नावाचं नाणं जिथे पाडलं जायचं आणि ज्याच्यावरून त्या नाण्याला नाव मिळालं ते हेच. फिरायला येणाऱ्यांसाठी माहिती भरपूर मिळते. सकाळी सातला गेटवर हजर राहायचं असलेल्या माणसाला लागते ती माहिती वेगळी, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मुद्द्याचं सांगतो. बुकिंग करताना आपण खोलीचे फोटो बघतो, तारे मोजतो, लोकांनी दिलेले गुण बघतो. जर्मनीच्या लहान गावात त्याआधी बघायच्या त्या वेळा. रिसेप्शन कधी बंद होतं, स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू असतं, न्याहारी कधी सुरू होते, साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी. या चार गोष्टी जुळल्या तर साधी खोलीही सुखाची होते, आणि नाही जुळल्या तर चार तारे काही कामाचे नाहीत.

कुटुंबानं चालवलेल्या हॉटेलांत रिसेप्शन रात्रभर उघडं नसतं. संध्याकाळी आठ-नऊनंतर तिथे माणूस मिळेलच असं नाही, आणि सुट्टीच्या वारी तर दुपारीही नाही. आगाऊ पैसे न भरता केलेलं बुकिंग संध्याकाळी सहापर्यंतच राखून ठेवायचं, असाही तिथे जुना रिवाज आहे. म्हणून बुकिंग झालं की लगेच एक ओळीचा मेल टाकावा: विमान अमुक वाजता उतरतं, मी रात्री उशिरा पोहोचेन. उत्तरात कोड येतो. दाराशेजारी भिंतीत बसवलेली एक छोटी पेटी असते. कोड दाबला की झाकण उघडतं, आत आडनाव लिहिलेला लिफाफा, लिफाफ्यात किल्ली आणि खोलीचा नंबर. या हॉटेलात तर त्यासोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: न्याहारी साडेसहाला, जिन्याचा दिवा डाव्या हाताला. रात्री अकरा वाजता, थंडीत, परक्या गल्लीत त्या चिठ्ठीनं किती हायसं वाटतं ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. तो कोड फोनमध्ये ठेवाच, पण कागदावरही लिहून ठेवा.

पोहोचण्याबद्दल थोडं. फ्रँकफर्ट विमानतळालाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन जोडलेलं आहे. तिथून आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी सव्वा तासाच्या आसपास स्टुटगार्टला पोहोचवते. स्वस्तातलं तिकीट त्या एका गाडीलाच बांधलेलं असतं, आणि इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा देता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ ला शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमेवर नवी संगणकीय नोंद पद्धत सुरू झाल्यापासून तर मी हाताशी चांगला वेळ ठेवतो, किंवा जाताना सरळ कुठल्याही गाडीला चालणारं महाग तिकीट काढतो. परतीला स्वस्त तिकीट चालतं. एक नियम पाठ असू द्या: गाडी वीस मिनिटं किंवा जास्त उशिरा पोहोचणार असं दिसलं की बांधलेलं तिकीटही मोकळं होतं आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं. साठ मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे पंचवीस टक्के, एकशेवीस मिनिटं झाला तर पन्नास टक्के परत मागता येतात. स्टुटगार्टला २०१० पासून नव्या भुयारी स्टेशनचं काम चालू आहे, त्यामुळे फलाटापासून बाहेर पडायला बरंच चालावं लागतं. जड बॅग असेल तर गाडी बदलायला दहा मिनिटं पुरी पडतील असं धरू नका. पुढे लोकल गाडीनं तासाभरात श्वेबिश हाल. गावाला दोन स्टेशनं आहेत. स्टुटगार्टची थेट गाडी हेसेंटालला थांबते, आणि तिथून जुन्या गावात बसनं उतरावं लागतं.

व्हिसाच्या दिवसांचा हिशेब स्वतः ठेवावा, कंपनीवर सोडू नये. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात मोजला जातो.

आता खोली. दोघांसाठीच्या पलंगावरही दोन वेगळ्या गाद्या, दोन वेगळ्या दुलया आणि ऐंशी सेंटिमीटरची मोठी चौकोनी मऊ उशी. दुलईखाली वेगळी चादर नसते. खिडकीची मूठ खाली म्हणजे बंद, आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते, वर केली की वरून थोडी आत कलते. रात्री ती कललेलीच ठेवून झोपायची तिथे पद्धत आहे आणि ती चांगली आहे. भिंतीवरच्या हीटरच्या नळावर एक ते पाच आकडे असतात. तीनवर ठेवलं की खोली साधारण वीस अंशांवर राहते. पाचवर फिरवल्यानं लवकर तापत नाही, नंतर फक्त घाम फुटतो. अशा जुन्या हॉटेलांत एसी बहुधा नसतो. जुलैत जाणार असाल तर सकाळी कामाला निघताना बाहेरचे सरकते पडदे पूर्ण खाली ओढून जा, नाहीतर परत याल तेव्हा खोली भट्टी झालेली असेल. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. जर्मनीतल्या गोल खोलगट सॉकेटला चालणारा अडॅप्टर घरूनच न्यावा.

जुन्या गावात चर्चकडची खोली मिळाली तर दृश्य सुंदर, पण घंटा दर पाव तासाला. ज्याची झोप सावध आहे त्यानं अंगणाकडची खोली मागावी. तसं स्पष्ट लिहून मागितलं तर देतात.

न्याहारी ही या हॉटेलांची खरी दौलत आहे. मालकीणबाई स्वतः सकाळी त्या खोलीत असतात. प्रत्येक खोलीला एक टेबल ठरलेलं, त्यावर खोलीच्या नंबरची चिठ्ठी, आणि मुक्काम संपेपर्यंत ते टेबल तुमचंच. आत येणारा प्रत्येकजण अनोळखी लोकांनाही 'गुटेन मॉर्गन' म्हणतो. तुम्हीही म्हणा, न म्हणणं तिथे खटकतं. मी मांस खात नाही हे पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चीजची वेगळी बशी, कापलेली काकडी, टोमॅटो, आणि अंडं गरम राहावं म्हणून त्यावर लोकरीची विणलेली टोपी. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं बशीकडे बोट दाखवलं. साखळी हॉटेलांतल्या शंभर पदार्थांच्या मांडणीपेक्षा मला ती बशी मोठी वाटते, आणि म्हणूनच एकदा असं ठिकाण सापडलं की मी पुढच्या खेपेला दुसरं शोधत नाही. वर्षातून अनेकदा घराबाहेर राहणाऱ्या माणसाला आपल्याला ओळखणारं एक दार परदेशातही असावं लागतं.

रात्रीच्या जेवणाचं मात्र नीट जुळवावं लागतं. गावातल्या खाणावळींत गरम जेवण साधारण नऊपर्यंतच, काही ठिकाणी त्याआधीच संपतं. दुपारीही मध्ये बंद असतं. काम आटोपून साडेआठला पोहोचलात तर आधी जेवायला जा, मग खोलीवर. शाकाहारी माणसानं केजेश्पेट्झले मागवावं. श्वाबियाकडचा, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या भागातला, हा चीज घातलेला शेवयांसारखा प्रकार पोटभरीचा असतो. वर तळलेला कांदा येतो, पण डुकराचं मांस नाही ना हे विचारून घ्या. माउलटाशन हे सारण भरलेले चौकोन साधारणपणे मांसाचेच असतात, भाज्यांचेही मिळतात, म्हणून विचारा. मसूरडाळ आणि श्पेट्झले हा इथला घरगुती पदार्थ सॉसेजसकट येतो. आणि निरुपद्रवी दिसणारं बटाट्याचं सॅलड इकडे बऱ्याचदा मांसाच्या रश्शात कालवलेलं असतं, ते कोणी आपणहून सांगत नाही. बिल देताना टीप टेबलावर ठेवून जाऊ नका. पाच-दहा टक्के धरून एकूण रक्कम वेट्रेसला तोंडी सांगायची, ती तेवढीच घेते. लहान खाणावळींत आणि बेकरीत आपलं क्रेडिट कार्ड चालेलच असं नाही, त्यामुळे खिशात पन्नासेक युरो सुटे हवेत.

आणि रविवार. १९१९च्या वायमार राज्यघटनेतलं १३९वं कलम रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण देतं, आणि आजच्या जर्मन राज्यघटनेनं १४०व्या कलमाद्वारे ते स्वीकारलेलं आहे. त्यामुळे सुपरमार्केट बंद, कपड्यांची दुकानं बंद, बहुतेक सगळं बंद. सकाळी काही तास बेकरी, मोठ्या स्टेशनवरची दुकानं आणि पेट्रोल पंप एवढाच आधार. शनिवारी संध्याकाळच्या आत पाणी, फळं, दही, ब्रेड आणून ठेवा. पाणी खरं तर विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पाणी उत्तम असतं. घेतलंच तर बाटली फेकू नका. एकदा वापरायच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पावती मिळते.

पहिल्या-पहिल्यांदा येणाऱ्याला हा रविवार अंगावर येतो. सहकारी शुक्रवारी दुपारीच घरी गेलेले असतात, सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करणं बरं दिसत नाही, आणि खोलीत बसून लॅपटॉप उघडला की दिवस संपता संपत नाही. माझं अगदी मनापासून सांगणं आहे की त्या दिवशी काम करू नका. श्वेबिश हालला तर सोयच आहे. कुन्स्टहाले व्युर्थ हे कलादालन रविवारी उघडं असतं आणि प्रवेश फुकट आहे. नदीवरचे छत असलेले लाकडी पूल ओलांडत बाजारचौकात यावं. तिथे सेंट मायकेल चर्चसमोर पन्नासहून अधिक पायऱ्यांचा रुंद उतार आहे, आणि त्या पायऱ्यांवर १९२५ पासून उन्हाळ्यात नाटकं होतात. नट वरून खाली, खालून वर धावत भूमिका करतात. भाषा कळली नाही तरी बघण्यासारखं आहे. त्या काळात खोल्या लवकर भरतात, हे बुकिंग करताना लक्षात ठेवा. दुपारी जर्मन लोक नुसते चालायला बाहेर पडतात, आजीआजोबांपासून बाळापर्यंत सगळे. त्यांच्या बरोबरीनं नदीकाठानं चालत राहिलं की हा दिवस इतका शांत का ठेवतात ते उमगतं. आता कामाचे दिवस मोजताना मी त्याची वाट बघतो.

घरी फोन करायचा तर वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो बदलतो. मुलांशी बोलायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीतच बोलून घ्या, संध्याकाळी तुम्ही मोकळे होईपर्यंत ती झोपलेली असतात.

मुक्काम महिनाभराचा असेल तर हॉटेलपेक्षा सामानसुमानासह मिळणारं छोटं घर परवडतं आणि डाळभात करता येतो. शेवटच्या साफसफाईचे पैसे भाड्यात धरले आहेत का, ते आधी विचारा. कचरा वेगळा करावा लागतो: कागद, ओला, वेष्टनं, उरलेला. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत, पण रविवारी नाही आणि रात्रीही नाही, आवाज होतो म्हणून. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळतात आणि ती खरोखर पाळतात. श्वाबियात काही इमारतींत जिना झाडायची पाळी असते. दारावर तशी पाटी लटकलेली दिसली तर त्या आठवड्यात ते काम तुमचं. रोज गाडीनं ये-जा असेल तर महिन्याचा डॉइचलांड तिकीट पास बघा. २०२६ पासून तो ६३ युरोंना आहे, आयसीईत चालत नाही, आणि वर्गणीसारखा आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं.

औषधांचं: साधी पॅरासिटामॉलसुद्धा फक्त फार्मसीतच मिळते. रात्री किंवा रविवारी कुठली फार्मसी उघडी आहे ते प्रत्येक फार्मसीच्या दारावर लिहिलेलं असतं. तातडी नसलेल्या आजारात डॉक्टरसाठी ११६११७, जिवावर बेतलं तर ११२.

हॉटेल सोडताना बिलावर कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता आहे ना हे तिथेच उभं राहून तपासा. नंतर बदलून मिळवणं जिकिरीचं होतं. न्याहारी बिलात वेगळ्या ओळीत येते, आणि भत्ता देताना अकाउंट्सवाले ती ओळ बघतात. परदेशी पाहुण्यांना पासपोर्टच्या तपशिलासह नोंदणीचा फॉर्म भरून सही करावी लागते. जर्मन नागरिकांसाठी तो १ जानेवारी २०२५ पासून गेला, आपल्यासाठी आहे. काही शहरांत खोलीमागे शहर-कर लागतो, आणि २०२२च्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर कामासाठी आलेल्यांकडूनही तो घेता येतो, त्यामुळे बजेटमध्ये धरा. मोठ्या शहरात जाणार असाल तर आधी प्रदर्शनांच्या तारखा बघा. हॅनोव्हरला एप्रिलमधल्या औद्योगिक प्रदर्शनात आणि स्टुटगार्टला सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या फोक्सफेस्ट या मोठ्या जत्रेच्या काळात दर बेसुमार चढतात.

शेवटची रात्र मात्र मी गावात काढत नाही. सकाळचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच फ्रँकफर्ट विमानतळाजवळच्या एखाद्या साखळी हॉटेलात येतो. तिथे रिसेप्शन रात्रभर उघडं असतं, आणि त्या एका रात्रीपुरतं मला तेवढंच हवं असतं.