डार्लिंगकाठचे मुक्काम, बर्क ते वेंटवर्थ: यादी कुठवर आली

ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीवर बर्क ते मेनिंडी या पट्ट्यातल्या तंबू टाकण्याजोग्या नदीकाठच्या जागांची यादी आता वापरण्याजोगी झाली आहे. मेनिंडीच्या खालचा भाग, म्हणजे पूनकारीमार्गे वेंटवर्थपर्यंत, अजून विरळ आहे. सिडनी किंवा मेलबर्नहून निघणाऱ्यांना ती जशी आहे तशी उपयोगी पडावी म्हणून ही नोंद.

यादीत आता नुसता अक्षांश-रेखांश घेत नाही. विकीकॅम्प्स या मुक्कामाच्या जागा दाखवणाऱ्या ॲपवर 'मस्त जागा, शांत' असा शेरा असतो, पण तो कोरड्या जूनमधला की पुरानंतरचा हे कळत नाही, आणि डार्लिंगवर जागा चांगली की वाईट हे त्यावरच ठरतं. म्हणून प्रत्येक जागेपुढे चार गोष्टी: जमीन कोणाची, शेवटच्या वाटेची माती कोणती, नदीची पातळी किती असताना पाहिली, आणि कोणत्या महिन्यात.

जमिनीचं आधी. इथला नदीकाठ मोकळा दिसतो, पण बहुतेक ठिकाणी तो मेंढ्या-गुरांच्या स्टेशनांकडे, म्हणजे विस्तीर्ण चराऊ मळ्यांकडे, भाडेपट्ट्यानं असतो. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर भूखंडांच्या हद्दी दिसतात. त्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहिल्या की निम्म्याअधिक 'मोकळ्या' जागा यादीतून गळतात. खात्रीच्या जागा राहतात त्या राष्ट्रीय उद्यानांतल्या: गुंडाबूकातलं यांडा, टूरालेतला नदीकाठचा तळ, पारू-डार्लिंगमधलं कोच अँड हॉर्सेस आणि मेनिंडीजवळ किंचेगातल्या नदीकाठच्या जागा. त्यांचं आरक्षण ऑनलाइन आधी करायचं असतं आणि तिथे पोहोचल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून ते बर्क किंवा विलकॅनियात उरकून घ्या. लुथ-टिल्पा भागात ट्रिल्बी, कल्लारा यांसारखी स्टेशनं पैसे घेऊन नदीकाठी उतरू देतात. आदल्या दिवशी फोन करावा. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, हा नियम सगळीकडे पाळायचा.

आता माती, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. पूरमैदानावरची राखाडी चिकणमाती विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखीच वागते: उन्हात भेगाळते, भिजली की फुगते आणि चाकाला थापून बसते. 5 ते 10 मिलिमीटर पाऊस पुरतो. टायरच्या खाचा भरल्या की फोर-व्हील-ड्राइव्हसुद्धा साबणावर चालल्यासारखी घसरते, आणि चिखल मडगार्डमध्ये साचून चाक जाम होतं. अशा वेळी विंच (गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) फारशी कामाची नाही, कारण अँकर लावायला जवळ झाड नसतं. उपाय एकच: वाळेपर्यंत थांबणं. म्हणून दोन-तीन दिवसांचं जादा अन्न आणि माणशी रोज 5 लिटरप्रमाणे पिण्याचं पाणी गाडीत हवंच. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड होतो. कच्च्या रस्त्यांची स्थिती बर्क शायर आणि सेंट्रल डार्लिंग शायर या स्थानिक परिषदा जाहीर करतात. रोज सकाळी निघण्याआधी ती पाहा.

बर्क ते विलकॅनिया नदीच्या दोन्ही काठांनी रस्ते जातात आणि मधे पूल फक्त लुथ आणि टिल्पाला. काठ चुकला तर समोर दिसणारी जागा शंभरेक किलोमीटरवर जाते. यादीत आता प्रत्येक जागेपुढे पूर्व की पश्चिम काठ हे लिहिलं आहे.

उपग्रहचित्रांत सेंटिनेल-2 सर्वांत कामाचं: 10 मीटर रेझोल्यूशन, दर पाच-एक दिवसांनी नवं चित्र, फुकट. इन्फ्रारेड पट्टा लावला की पाणी काळं आणि हिरवी झाडं लाल दिसतात, त्यामुळे कोणता बिलाबाँग (नदीच्या जुन्या पात्राचं डबकं) भरला आहे आणि वाट कुठे पाण्याखाली आहे ते घरबसल्या कळतं. चित्र मात्र निघण्याच्या आठवड्यातलंच घ्या. वरच्या खोऱ्यातला पाऊस बर्कहून विलकॅनियाला पोहोचायला काही आठवडे घेतो, त्यामुळे डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही पाणी चढू शकतं. वॉटर एनएसडब्ल्यू या राज्याच्या पाणी संस्थेच्या मापनकेंद्रांचे आकडे बर्क, लुथ, टिल्पा, विलकॅनिया या क्रमानं पाहिले की चढ कुठवर आला आहे ते दिसतं.

उलट कोरड्या काळात नदी तुटक डबक्यांची होते. तेव्हा पाण्याकाठी राहायचं तर बंधाऱ्यांच्या वरच्या बाजूला जागा शोधायची. बर्क, लुथ, टिल्पा, विलकॅनियाला बंधारे आहेत आणि त्यांच्यामागे पाणी टिकतं. वेंटवर्थजवळ तर मरे नदीवरच्या लॉक 10 या बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे डार्लिंगचं तोंड बहुधा भरलेलं असतं. पाणी दिसलं तरी पिऊ नका, निळं-हिरवं शेवाळ आलं असेल तर आंघोळही नको. 1991 साली याच नदीत सुमारे 1000 किलोमीटर लांबीचं शेवाळ पसरलं होतं. उकळून त्याचं विष जात नाही, उलट पेशी फुटून ते पाण्यात मिसळतं.

प्रत्यक्ष जागा निवडताना वळणाची आतली बाजू घ्या. बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ खालून पोखरतो आणि वरचा सपाट ओटा भक्कम वाटत असला तरी कडेला पोकळ असू शकतो. गाडी निदान 10 मीटर आत. झाडांच्या बेचक्यांत अडकलेला काडीकचरा बघा, मागचा पूर कुठवर चढला होता ते तोच सांगतो. रिव्हर रेड गम या निलगिरीच्या झाडाखाली तंबू नको, कितीही सावली असो. वारा नसताना, गरम दुपारीसुद्धा हे झाड मांडीएवढ्या फांद्या टाकतं. फांद्यांच्या टोकाच्या घेराबाहेर राहा. काळ्या खरबरीत सालीचं ब्लॅक बॉक्स हे दुसरं निलगिरीचं झाड जिथे सुरू होतं, तिथली जमीन साधारण थोडी उंच आणि पुरानं कमी वेळा भिजणारी. रात्री थंडी मात्र नदीच्या खोलगट भागातच साचते: जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, पहाटे पारा 5 अंशांच्या आसपास, कधी त्याहून खाली.

तंबूच्या खुंट्या 30 सेंटिमीटरच्या, स्टीलच्या आणि बरोबर हातोडी, ॲल्युमिनियमच्या वाकतात. हवेची गादी असेल तर खाली जाड ताडपत्री, कारण काटेरी गोखरू तिथेही आहेच. खडी-नालीदार रस्त्यावर टायरची हवा 28 पीएसआयच्या आसपास आणि वेग कमी. शेवटच्या वाळूच्या तुकड्यात आणखी उतरवा, पण परत भरायला कंप्रेसर हवा. शौचासाठी पाण्यापासून 100 मीटर लांब, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा. उद्यानांत सरपण गोळा करायला बंदी आहे, लाकूड विकत नेलं पाहिजे, आणि सरसकट अग्निबंदीच्या दिवशी तेही पेटवता येत नाही. मासे धरायचे तर राज्याचं शुल्क भरलेलं असावं.

इंधन बर्क आणि विलकॅनियात पूर्ण भरा. मधलं अंतर सुमारे 330 किलोमीटर असलं तरी जागा शोधत फिरताना ते सहज दीडपट होतं. यूएचएफ रेडिओ 40 नंबरवर ठेवला तर समोरून येणाऱ्या रोड ट्रेनचं (अनेक ट्रेलर जोडलेल्या लांब ट्रकचं) कळतं.

वेळेचं गणित यादीतल्या प्रत्येक टप्प्यासाठी असं बसवलं आहे: हिवाळ्यात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि त्याच्या आधीपासून कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून चारला जागेवर. साडेतीनपर्यंत ठरलेली जागा हाती लागली नाही तर शोध थांबवायचा आणि पर्यायी जागेकडे वळायचं. ती पुढच्या गावातलं कॅरॅव्हॅन पार्क असली तरी चालेल. ब्रोकन हिलकडे वळणाऱ्यांनी घड्याळ अर्धा तास मागे घ्यावं, ते शहर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर चालतं.

पुढचं काम मेनिंडीखालच्या पट्ट्यात हद्दी तपासण्याचं. ज्यांच्याकडे तिथल्या जागा असतील त्यांनी जमीन कोणाची, माती, पातळी आणि महिना यांसह कळवाव्यात. या चारपैकी एक जरी नसेल तर जागा यादीत 'न तपासलेली' म्हणूनच राहील.