मध्य प्रदेश: आधी जंगलाची तारीख, मग बाकीचं

मध्य प्रदेशाचा नकाशा समोर आला की खजुराहो, कान्हा, मांडू, उज्जैन, पचमढी असं सगळं एका आठवड्यात कोंबायचा मोह होतो. पण मांडू पश्चिमेला आणि कान्हा पार पूर्वेला, मध्ये पाचशेहून जास्त किलोमीटर. म्हणजे अर्धी सुट्टी गाडीच्या काचेतूनच बघायची. एका खेपेला एकच पट्टा घ्यावा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना भोपाळ–सातपुडा हा पट्टा सर्वांत सोयीचा पडतो. स्तूप, गुहाचित्रं, जंगल, थंड हवेचं ठिकाण, सगळं त्यात येतं.

सुरुवात हॉटेलपासून नको, सफारीपासून करा. व्याघ्र प्रकल्पांचा गाभा (कोअर झोन) 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो आणि बुधवारी दुपारची फेरी नसते. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि चालक. गाड्यांची संख्या ठरलेली असल्यामुळे दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीतले परवाने खूप आधी संपतात. परवाना हातात आला की त्याच्या पुढेमागे बाकीचे दिवस लावायचे. परवान्यावरचं नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळायला हवं आणि मूळ ओळखपत्र सोबत हवं. घोळ होतो तो बहुतेक इथेच: ऑनलाइन फॉर्मवर घरातलं हाक मारायचं नाव टाकलेलं असतं आणि पहाटे गेटवर वाद सुरू होतो.

दुसरा घोळ गेटचा. कान्ह्याला खटिया गेटजवळ खोली आणि सफारी मुक्की गेटहून, असं झालं तर पहाटेची झोप गेलीच. आधी गेट, मग मुक्काम.

भोपाळला पहिला दिवस ठेवा, पण सोमवार टाळा, कारण त्या दिवशी जनजातीय संग्रहालय बंद असतं. गोंड, भिल्ल, बैगा यांची घरं, देव, खेळ तिथे ज्या आकारात मांडलेत ते बघायला तीन तास सहज जातात. स्तूपाचं सांची आणि गुहाचित्रांचं भीमबेटका दोन्ही भोपाळहून साधारण 45–50 किलोमीटर, पण वेगवेगळ्या दिशांना. म्हणून दोन्ही एका दिवसात उरकू नका. सांची सकाळी करावी. स्तूपाच्या तोरणांवरच्या, म्हणजे दगडी प्रवेशद्वारांवरच्या, कोरीवकामात बुद्ध माणसाच्या रूपात कुठेच नाही. रिकामं आसन, बोधिवृक्ष, चक्र, पाऊलखुणा एवढंच. हे आधी माहीत असलं की दगड वाचता येतो, नाहीतर नुसती आकृत्यांची गर्दी दिसते.

भीमबेटका नर्मदापुरमच्या (पूर्वीचं होशंगाबाद) वाटेवरच आहे, तेव्हा ते सातपुड्याला जाताना घ्या. दीड तास पुरतो. पायात बूट हवेत.

पुढे सोहागपूरमार्गे मढई, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं गेट. इथे देनवा नदी होडीने ओलांडायची आणि पलीकडे जिप्सी मिळते. होडीला लागणारा वेळ धरून गेटवर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. डिसेंबर-जानेवारीत उघड्या गाडीत कानटोपी आणि हातमोजे लागतातच. सातपुड्यात वाघ दिसेलच असं धरून चालू नका. अस्वल, गवा, शेकरू यांच्यासाठी हे जंगल आहे. वाघच हवा असेल तर बांधवगड गाठा.

शेवटचे दोन दिवस पचमढी. मढईहून पिपरियामार्गे घाट चढायचा. धूपगड आणि जंगलातल्या काही जागांना स्वतःची गाडी नेता येत नाही, तिथे परवाना काढून स्थानिक जिप्सी घ्यावी लागते. सूर्यास्तासाठी ती दुपारीच ठरवा. परतीला पिपरिया स्टेशन आहेच, इटारसी–जबलपूर मार्गावर.

पावसाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर हा बेत गुंडाळा आणि इंदूर–मांडू–महेश्वर करा. मांडूच्या जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरलेले असतात, तेव्हाच त्याचं नाव पटतं. आणि सुट्टी होळीच्या सुमाराला असेल तर, होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ-अलिराजपूरला भगोरिया या आदिवासी सणाचे हाट भरतात. प्रत्येक गावाचा बाजारवार वेगळा, त्यामुळे कोणत्या दिवशी कुठे ते तिथे पोहोचण्याआधीच विचारून घ्या. आणि फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारा.