लिंबाची बोली

डिसेंबर लागला की शेजारपाजारचे हमखास विचारतात, "यंदा नाताळाला काय विशेष?" नाताळ आता सगळ्यांच्याच ओळखीचा झालाय. भुसावळच्या बाजारात सांताक्लॉजच्या लाल टोप्या आमच्या पोरांपेक्षा इतरांचीच पोरं जास्त घेतात, आणि मला ते बघायला आवडतं. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, खरा दंगा त्याआधीच होऊन गेलेला असतो आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता नसतो. तो म्हणजे हार्वेस्ट. पिकाचा सण.

दिवाळी सरलेली असते. कापसाची वेचणी चालू असते, ज्वारी-बाजरी घरात आलेली असते, तूर अजून शेतात फुलावर असते. अशा एका रविवारी चर्चमध्ये पाऊल टाकलं की आत आपण भक्तीला आलोय की आठवडी बाजाराला, असा प्रश्न पडतो. वेदीच्या दोन्ही अंगांना उसाची कांडकी बांधलेली. पायऱ्यांवर ज्वारीची कणसं, कापसाची फुटलेली बोंडं, उडीद-मुगाच्या पिशव्या, मेथीच्या जुड्या, पोपटी रंगाची भरताची वांगी. मधोमध गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा. गंगाफळाशिवाय हार्वेस्ट झाल्याचं मला तरी आठवत नाही. आणि केळी. यावल-रावेरकडचे आमचे लोक घडच्या घड घेऊन येतात, खांद्यावर गोणपाट टाकून. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात बातमी आली, सगळ्यांना कौतुक वाटलं. आमच्या वेदीपुढे मात्र त्या दोघांना पहिल्या रांगेचा मान पूर्वीपासून आहे.

ज्यांचं शेत नाही त्यांची पंचाईत. भुसावळ हे रेल्वेचं गाव, त्यामुळे मंडळीत निम्मे लोक रेल्वेचे. शिवाय दीपनगरच्या वीजकेंद्रातले आणि दोन्ही आयुध कारखान्यांतले. या लोकांचं पीक कोणतं? वरणगावच्या कारखान्यात काडतुसं बनतात, ती काही वेदीपुढे मांडता येत नाहीत. तिथल्या एका काकांनी कारखान्याच्या क्वार्टरमागे दुधीचा वेल चढवला होता. दरवर्षी हातभर लांब दुधी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "बायबलात यशयानं सांगितलंय ना, तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील म्हणून? फाळापर्यंत काही आपली मजल गेली नाही. सध्या दुधीपर्यंत आलोय."

आमचे वडील रेल्वेत. त्यांनी क्वार्टरच्या मागे मोरीच्या पाण्यावर एक केळ लावली होती, खास हार्वेस्टसाठी. ऐकायला सोपं वाटतं, पण केळीला कॅलेंडर वाचता येत नाही. पिल, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, लावल्यापासून घड हाती यायला साधारण वर्ष जातं. केळ निसवली, म्हणजे फुलाचा कोका बाहेर पडला, की पुढे तीन-साडेतीन महिने घड भरायला लागतात, आणि मध्येच थंडी पडली तर आणखी लांबतं. वडील पाकिटातल्या डायरीत मागे मागे मोजत जायचे. हार्वेस्ट नोव्हेंबरात, म्हणजे निसवण ऑगस्टच्या आत हवी, म्हणजे लागवड गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास. हिशेब चोख. गाड्यांची वेळापत्रकं सांभाळणारा माणूस तो. पण घड एकदा गणपतीत तयार झाला, एकदा संक्रांतीला. दोन्ही वेळा आम्ही पोरांनी देवाचे आभार मानून खाल्ला. शेवटी एका वर्षी जमलं. सायकलच्या कॅरिअरला घड बांधून, सायकल हातात धरून वडील चर्चपर्यंत चालत गेले. शेतकऱ्यांच्या घडांपुढे तो अगदीच हाडकुळा दिसत होता. लिलावात वडिलांनी स्वतःच्याच घडावर बोली लावली आणि एका गार्डकाकांनी ती मुद्दाम चढवत नेली. घरी येताना आई गप्प होती. महिन्याच्या भाजीचे पैसे त्या घडात गेले होते.

आता लिलावाकडे यायलाच हवं, कारण हार्वेस्टचा जीव त्यातच आहे.

उपासना संपली की सगळा माल बाहेर कंपाउंडात निंबाखाली येतो. आत लिलाव करत नाहीत. येशूनं मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकले होते, ते सगळ्यांच्या लक्षात असतं. माझी एक आतेबहीण म्हणते, भिंतीच्या आत नाही आणि बाहेर चालतं, हा कुठला न्याय? तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण निंबाखाली जे चालतं त्याला धंदा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रावेरकडच्या केळीवाल्यांचं सारं लक्ष बऱ्हाणपूरच्या भावाकडे. रोज सकाळी तो भाव बघून माणसं हसतात नाहीतर कपाळाला हात लावतात. निंबाखाली मात्र बऱ्हाणपूर चालत नाही. इथे कोथिंबिरीची जुडी शंभराला जाते, आणि लिंबू, एकच लिंबू, दोनशे एकला.

लिंबाचं असं असतं की ते विकत घेणारा ते घरी नेत नाही. "परत ठेवा," म्हणतो. पुन्हा बोली. दुसरा घेतो, तोही परत ठेवतो. लिंबू या हातातून त्या हातात फिरत राहतं, पैसे जमत राहतात. बोली पुकारायला आमच्याकडे एक निवृत्त पॉइंट्समन, म्हणजे रेल्वेचे सांधेवाले, होते. त्यांचा आवाज यार्डात घडलेला. "निस्ते पाहू नका भाऊ, बोला! लिंबू लहान हाये, रस पाहा!" समोरचा दबकला की त्याच्या बायकोकडे वळायचे, "वहिनी, यायले खिशात हात घालाले सांगा." महिला संघाच्या पापड-कुरडयांना कधी मंदी नाही. बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, तर आगाऊ गिऱ्हाईक असायचं. धुळ्याकडून सुना होऊन आलेल्या बायका खापरावरचे मांडे करून आणायच्या, ते लिलावापर्यंत पोचायचेच नाहीत. वाटेतच चर्चच्या कमिटीतल्या वडिलांपैकी, म्हणजे एल्डरांपैकी, कुणीतरी किंमत देऊन मोकळा व्हायचा.

कोंबडा असला की जास्त मजा. तो उपासनेच्या वेळी आत खांबाला बांधलेला असतो. पाळकसाहेबांच्या उपदेशात तो आरवला की सगळ्या बाकांवर एकच पेत्र आठवतो, कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणारा तो शिष्य, आणि लोक रुमाल तोंडाला लावतात. एका पाळकसाहेबांनी उपदेश थांबवून, "त्यानं आपलं काम केलं, आता मी माझं करतो," असं म्हटलं होतं. ते आमच्याकडे फार वर्षं राहिले नाहीत, पण त्यांचं हे वाक्य राहिलं.

ही पद्धत आली कुठून? इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेन्स्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ साली पिकाची उपासना ठेवली आणि तिथून ती पसरली, असं सांगतात. मग मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली असणार. पण शास्त्रात बघायला गेलं तर मुळं फार जुनी. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात सगळा विधीच दिलाय. जमिनीचं पहिलं फळ टोपलीत घाल, याजकाकडे ने, तो टोपली वेदीपुढे ठेवील. इथवर कुणालाही समजतं. मला नवल वाटतं ते पुढचं. टोपली ठेवल्यावर त्या माणसानं काय बोलायचं? आभाराचे शब्द असतील असं वाटतं. तर नाही. त्यानं आपल्या घराण्याची हकीकत सांगायची. माझा मूळपुरुष एक भटका अरामी होता, थोडी माणसं घेऊन तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेला, तिथे आमचे हाल झाले, आम्ही ओरडलो, देवानं ऐकलं. म्हणजे भरल्या टोपलीपुढे उभं राहून भुकेची गोष्ट सांगायची. कारण तो मूळपुरुष म्हणजे याकोब, आणि त्याचं कुटुंब मिसरात गेलं ते दुष्काळामुळेच.

हा अध्याय वाचताना मला पणजोबा आठवतात. म्हणजे पाहिलेले नाहीत, ऐकलेले.

छप्पनचा दुष्काळ खान्देशात अजून नावानं ओळखतात. संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. त्याच्या आधी तीनच वर्षांपूर्वी एक दुष्काळ होऊन गेला होता, त्यामुळे लोकांच्या घरात काही शिल्लकच नव्हतं. गुरं मेली, त्यात पटकी आली. आमचे पणजोबा तेव्हा लहान पोर. सातपुड्याच्या पायथ्याकडून मोठ्या भावाचा हात धरून निघाले, वाटेत भाऊ गेला, आणि हे मिशनच्या अनाथाश्रमात पोचले. गावाचं नाव त्यांना सांगता आलं नाही. आडनावही तिथलंच कुणीतरी लिहिलं. मंडळीच्या रजिस्टरात आमच्या घराण्याचं पहिलं पान असं आहे, त्याच्या मागे कोरं.

यावरून टोमणेही ऐकलेत. शाळेत एका मुलीनं मला तोंडावर म्हटलं होतं, तुम्ही तर खिचडीसाठी ख्रिस्ती झालेले. मी रडत घरी आले. आजी धुळ्याकडची, अहिराणी बोलायची. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "भूक लागेल व्हती म्हनीसन गयात. त्यामा लाजानं काय?" आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं. तेव्हा मला तिचा राग आला. तिनं येशूबद्दल, श्रद्धेबद्दल काहीतरी भारदस्त सांगावं अशी माझी अपेक्षा होती. पण जेवायला दिलं म्हणून जवळ गेलेला माणूस मग आयुष्यभर, आणि त्याची पोरं-नातवंडं चार पिढ्या, तिथेच का राहिली याचं उत्तर खिचडीत नाही. ते तिला माहीत होतं. पोरीला समजावायची गरज तिला वाटली नसावी.

आजी हार्वेस्टला पायलीभर ज्वारी न्यायची. घरातली, दळायला काढलेली. मापानं भरून झाल्यावर वर आणखी एक ओंजळ टाकायची. मी एकदा विचारलं, ही कशाला? तर म्हणाली, "देवले मोजीसन देतस का रे?" मुलगी असले तरी ती मला 'रे'च म्हणायची.

एक वर्ष मात्र वाईट होतं. उन्हाळ्याच्या अखेरीला वादळ आलं आणि रावेर-यावल पट्ट्यातल्या बागा आडव्या झाल्या. घडाच्या वजनानं केळ आधीच वाकलेली असते, तिला वाऱ्याचा एक तडाखा पुरतो. मंडळीतल्या एका भाऊंची सगळी बाग गेली. त्या वर्षी ते येणार नाहीत असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ते आले, पिशवीत घरची हळद घेऊन. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय घेतला होता. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी आनंद करीन. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी तो उपदेश पटला नाही. ज्याचं गेलंय त्याच्यासमोर हा अध्याय वाचू नये, निदान त्या वर्षी नाही. भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, मला तर बरं वाटलं, निदान कुणी मोठ्यानं म्हटलं की काही नाही उरलं. हळदीची ती पिशवी लिलावात लिंबासारखी फिरली. किती वेळा परत ठेवली कोण जाणे. शेवटी पॉइंट्समन काकांनीच ती भाऊंच्या हातात कोंबली आणि "चला, पुढचा माल," म्हणून ओरडले.

शेजारच्या लेवा पाटलांचा घडही दरवर्षी येतो. त्यांचा आमच्या चर्चशी काही संबंध नाही. आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्याकडे पुरणपोळी आणि आमरस खातो, ते हार्वेस्टला घड पाठवतात. "तुमच्या देवाले आमचाबी एक," एवढंच. कमिटीत एकदा चर्चा झाली होती, हा घड वेदीपुढे ठेवावा की बाहेर. चर्चा चालू असतानाच महिला संघाच्या बायकांनी तो उचलून मधोमध ठेवला. पुढच्या वर्षीपासून विषय निघाला नाही.

अलीकडे पैशांच्या पाकिटांचं प्रमाण वाढलंय. धान्य कुठून आणायचं, कोण उचलणार, त्यापेक्षा पाकीट सोपं. तरुण संघानं आता यूपीआयचा कोडही लावलाय, निंबाच्या खोडालाच. सोय झाली हे खरं. नोकरीसाठी पुण्याला गेलेली पोरं तिथून बोली लावतात, व्हिडिओ कॉलवर. परवा एकानं हिंजवडीतून गंगाफळ घेतलं आणि ते नेऊन द्यायला इथे त्याच्या काकांना बसथांब्यापर्यंत पळावं लागलं. पण वेदीपुढे नुसती पाकिटं असतील तर मी भक्तीला जाईन, हार्वेस्टला गेले असं काही म्हणणार नाही. मेथीचा आणि ताज्या कापलेल्या उसाचा वास नसला की ते गाणं, ती प्रार्थना, सगळं इतर रविवारांसारखं होतं. शिवाय पाकिटावर नाव असतं. मग नावं वाचली जातात, आकडे वाचले जातात. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे आम्ही चर्चच्या शब्बाथ शाळेत पाठ केलेलं. लिलावातही आकडे ओरडूनच सांगतात म्हणा. पण तिथे हसण्याच्या गलक्यात कुणी किती दिले ते संध्याकाळपर्यंत विसरायला होतं.

विसरत नाही तो एकटा खजिनदार. उधारीच्या बोल्यांची त्याच्याकडे वही असते, कारण उत्साहात बोली चढते आणि खिसा मागे राहतो. नाताळ होतो, नवीन वर्षाची उपासना होते, लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, लागतो, तरी वहीतली दोन-चार नावं खोडली जात नाहीत. गेल्या खेपेला कमिटीच्याच एका वडिलांना खजिनदारानं ईस्टरच्या सकाळी दारातच गाठलं. कोंबड्याचे सातशे बाकी होते. वडील म्हणाले, "सलाम सलाम. अहो, कोंबडा तर नाताळातच संपला, आता पैसे कशाचे?" खजिनदार म्हणाला, "साहेब, बोली तुम्ही लावलीत, कोंबड्यानं नाही."