दृढरोम, कुसळ आणि सरांचा दाढीचा ब्रश

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला पहिल्यांदा एक शब्द आठवला. ब्रिसल.

१९८३ साल, नववीचा वर्ग, इंग्रजीचा तास. धडा वाचताना मी तो शब्द 'ब्रिस्टल' असा वाचला. सरांनी थांबवलं. "ब्रिस्टल हे इंग्लंडातलं शहर. चित्रकलेच्या परीक्षेला तुम्ही जो जाड कागद आणता ना, त्याला त्या शहराचं नाव आहे. हा शब्द वेगळा. यातला 'ट' लिहायचा, बोलायचा नाही." मग लिसन, कॅसल, व्हिसल, थिसल असे मुके 'ट' असलेले शब्द फळ्यावर आले. अर्थ विचारला तर म्हणाले, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सरांनी पिशवीतून स्वतःचा दाढीचा ब्रश काढला. त्याला अजून साबणाचा वास येत होता. त्यांनी एक केस उपटला आणि बाकाबाकावरून फिरवला. बुडाशी जाड, टोकाकडे निमुळता, वाकवला की लगेच सरळ होणारा. डुकराचा राठ केस. मग सगळ्या वर्गाला प्रयोगशाळेत नेऊन तो भिंगाखाली ठेवला. टोक एकच नव्हतं, फाटून त्याचे दोन-तीन बारीक फाटे झाले होते. रंगाऱ्याचा ब्रश रंग धरून ठेवतो तो या फाट्यांमुळे, हे मला त्या दिवशी कळलं. दात घासायच्या ब्रशालाही पूर्वी हेच केस असत. नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत बाजारात आला तो १९३८ साली.

प्रयोगशाळेत गांडुळाची बरणी होती. सरांनी विचारलं, "याला कुठे केस असतात?" आम्ही मराठी माध्यमाची मुलं, 'दृढरोम' आम्हाला पाठ होतं. प्रत्येक खंडावरचे ते बारीक ताठ केस मातीत रुतवून गांडूळ पुढे सरकतं. इंग्रजीत त्यांनाही ब्रिसलच म्हणतात, हे ऐकून मी चकित झालो. सहामाहीला घोकलेला शब्द आणि इंग्रजीच्या तासाला अडलेला शब्द एकच निघाले होते. मग सरांनी आमच्या मोज्यांकडे बोट दाखवलं. मैदानावरून येताना चिकटलेली कुसळं होती. गवताच्या, भाताच्या लोंबीवरचं कूस, राळ्याच्या कणसावरची लव, सगळं त्याच शब्दात बसत होतं. राळ्याच्या शास्त्रीय नावातलं 'सेटारिया' लॅटिनमधल्या राठ केसावरूनच आलेलं आहे.

नामाचं काम असं मजेत झालं. क्रियापदाने मात्र माझी परीक्षा पाहिली. 'ही ब्रिसल्ड' या वाक्याचं मी भाषांतर केलं, 'त्याच्या अंगावर काटा आला.' सरांनी लाल शाईने खाली लिहिलं: 'काटा भीतीने येतो, थंडीने येतो, आनंदानेही येतो. हा माणूस चिडला आहे.' मग ते मला खिडकीशी घेऊन गेले. शाळेच्या आवारातल्या कुत्रीसमोर गल्लीतला दुसरा कुत्रा आला होता. तिच्या मानेपासून पाठीवरून शेपटीपर्यंत केसांची एक रेघ ताठ उभी राहिली होती. ती भुंकत नव्हती, हललीही नव्हती. "हे बघ. राग अजून तोंडातून निघालेला नाही, पण पाठीवर आलाय." माणसाचे केस असे उभे राहत नाहीत, तरी इंग्रजी माणूस रागाला हाच शब्द वापरतो. मराठीत पित्त खवळतं, माणूस बिथरतो, फणकारतो, पण ती कुत्री यांतल्या कुठल्याच शब्दात मला सापडत नाही. चाळीस वर्षं झाली, मी अजून शोधतो आहे.

याच क्रियापदाचा तिसरा उपयोग सरांनी बंदरावर शिकवला. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर आम्ही चार-पाच जण त्यांच्याबरोबर धक्क्यावर गेलो. होड्या दाटीने लागलेल्या होत्या. "बंदर डोलकाठ्यांनी ब्रिसल करतंय, हे मराठीत सांगा." एक जण म्हणाला, भरलंय. दुसरा म्हणाला, गजबजलंय. सर मान हलवत राहिले. भरलेल्या पोत्यात काही उभं नसतं, म्हणाले. इथे प्रत्येक काठी वर टोक करून उभी आहे. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "बंदरात डोलकाठ्याच डोलकाठ्या उभ्या आहेत." सर काही बोलले नाहीत. फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. आपल्या भाषेत शब्दाच्या द्विरुक्तीत केवढी ताकद आहे, ते मला त्या धक्क्यावर समजलं, आणि मी भाषांतरकार झालो त्याची सुरुवात मी तिथेच मानतो.

नोकरी सांभाळून मी इंग्रजीतून मराठीत बरंच काही आणलं. पहिलं पुस्तक छापून झाल्यावर सरांना पाठवलं. तेव्हा ते निवृत्त होऊन गावी राहत होते आणि डोळ्यांनी अधू झाले होते. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. कौतुकाच्या दोन ओळी, आणि खाली थरथरत्या अक्षरात: 'तुमचा म्हातारा सुभेदार एके ठिकाणी फणकारला आहे. फणकारा आपण बहुधा बायकामुलींच्या नावावर लिहितो. मूळ शब्द मी ओळखला. तिथे "ताठला" करून पाहावे.'

दुसऱ्या आवृत्तीत मी तो शब्द बदलला. ती छापून आली तेव्हा सर नव्हते.