सबवूफरचा क्रॉसओव्हर मी खर्जावरून ठरवला

किती हर्ट्झखालचा आवाज सबवूफरने (फक्त खालचे, जाड आवाज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरने) वाजवायचा आणि वरचा नेहमीच्या स्पीकरने, हे क्रॉसओव्हर ठरवतो. कुणालाही विचारा, ८० हर्ट्झ सांगतील. टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या कंपनीची शिफारसही तीच. माझ्याकडेही ८० आहे, पण मी तो गाणं ऐकून ठरवला. नुसते सिनेमे बघत असते तर १२० वरही माझं भागलं असतं.

गाणाऱ्यांना हा हिशोब पटकन कळेल. काळी १ मध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. मंद्र पंचम १०४. तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज, ६९. आता क्रॉसओव्हर १२० ला ठेवून दरबारीचा आलाप लावा. गायक मंद्र पंचमावर आला की त्या स्वराचा पाया सबवूफरकडे जातो आणि वरची झळाळी स्पीकरकडेच राहते. आमच्या कोथरूडच्या घरात सबवूफर बाल्कनीच्या दाराशी कोपऱ्यात आहे. एकच गळा दोन जागांहून ऐकू येणं मला सहन होत नाही. ८० ला गळा समोरच राहतो. त्याच्या खालच्या आवाजाची दिशा कानाला नीट लागत नाही. ८० हर्ट्झची लहरच सव्वाचार मीटरची, आमच्या १२ फुटी हॉलच्या रुंदीहून लांब. खर्ज सबवूफरमधून येतो, पण कोपऱ्यातून आल्यासारखा वाटत नाही. (माझ्या काळी ४ च्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ चा, तो बहुतांशी स्पीकरमधूनच येतो.)

अर्थात स्पीकर तेवढे खाली उतरणारे हवेत. माझे पाच इंची वूफरचे आहेत, कंपनी ५५ हर्ट्झपर्यंत म्हणते. ८० ला त्यांच्यावर ताण येत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत संचात मिळतात तसे तीन इंची स्पीकर असतील तर १२० किंवा १५० शिवाय गत्यंतर नाही. मग सबवूफर कोपऱ्यात न ठेवता समोरच्या दोन स्पीकरांच्या मधे ठेवा, म्हणजे आवाज निदान एका बाजूनेच येईल.

क्रॉसओव्हर भिंतीसारखा नसतो, उतारासारखा असतो. ८० च्या आसपास दोघंही वाजतात आणि डग्ग्याची मींड तिथूनच चढते. दोघांची फेज, म्हणजे लहरींची चढउतार, एकाच वेळी जुळली नाही तर मींडीच्या मधेच खड्डा पडतो. त्यासाठी ८० हर्ट्झचा सलग स्वर लावून मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि भाच्याला सबवूफरमागचं बटण ० वरून १८० वर करायला लावलं. ज्या बाजूला आवाज भरीव, ती बाजू बरोबर. आमच्याकडे १८० निघाली. सबवूफर हलवला की हे पुन्हा करायचं.

आणखी एक. रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये) क्रॉसओव्हर लावला असेल तर सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा गोल खटका शेवटपर्यंत वर न्या, किंवा सबवूफरचा स्वतःचा फिल्टर टाळणारं एलएफई इनपुट वापरा. नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि मधला पट्टा पोकळ होतो. रिसीव्हरमधली १२० ची एलएफई मर्यादा मात्र वेगळी, ती सिनेमाच्या खास बेस ट्रॅकसाठी असते. तिला मी हात लावलेला नाही.