जावक क्रमांक १४ तारखेच्या रांगेत

प्रवेशाबद्दल माहिती अधिकारात येणारे बरेच अर्ज 'का' या एका शब्दावर पडतात. अमक्याला प्रवेश का दिला, माझ्या मुलीला का नाही. कलम २(च) मध्ये माहिती म्हणजे कार्यालयात असलेलं काहीतरी : नोंद, पत्र, टिपणी, ईमेल, नोंदवही. 'का'चं उत्तर कागदावर नसेल तर ते रचून देण्याचं बंधन जन माहिती अधिकाऱ्यावर नाही. आदित्य बंदोपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये हे स्पष्ट केलं. त्यामुळे असा अर्ज एका ओळीत निकाली काढता येतो, आणि काढलाही जातो.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात जन माहिती अधिकारी. १८ ऑगस्ट २०२५ ला माझ्या टेबलावर आलेला अर्ज तसाच होता. गडहिंग्लजकडचे एक गृहस्थ पहिल्या गाडीनं येऊन दारात उभे. अर्ज 'जोडपत्र अ' या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प नीट चिकटवलेला, पण मजकूर दोन पानी. मुलीवर अन्याय का झाला, कमी गुणवाल्याला कसं घेतलं, आणि शेवटी 'मागील तीन वर्षांच्या सर्व प्रवेशांची संपूर्ण माहिती द्यावी.'

"सायेब, पोरीला एकाहत्तर टक्के हाईत. साठवाल्याला घेतलंय म्हनं. हे नीट हाय का?"

"काका, बसा आधी. हा अर्ज घेतला तर तुमच्या हातात काही पडायचं नाही."

अर्जदाराला मदत करणं हे कलम ५(३) नुसार माझं कामच आहे, उपकार नव्हे. त्यात महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्जाला एक विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. दोन पानी अर्ज तेवढ्यावरून परत पाठवणारे मी पाहिलेत. आम्ही तिथंच नवा मजकूर लिहिला :

'सन २०२५-२६, बी.एस्सी. भाग १. (१) मंजूर प्रवेशक्षमतेचे पत्र व प्रवर्गनिहाय जागावाटप तक्ता (२) तात्पुरती व अंतिम गुणवत्ता यादी, शेरा रकान्यासह (३) फेरीनिहाय प्रवेशित यादी, फी पावतीच्या तारखेसह (४) रिक्त जागांच्या सूचना व त्यांच्या जावक नोंदी (५) रद्द प्रवेशांची नोंद. वरील अभिलेखांची पाहणी करू द्यावी व निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.'

पन्नास-साठ शब्द. 'संपूर्ण माहिती' हा शब्द काढला, कारण त्या नावाची फाइल कुठल्याच कपाटात नसते. पाहणी मुद्दाम मागितली. कोणतं पान कामाचं हे अर्जदाराला आधी माहीत नसतं. प्रती मागितल्या तर दोन रुपये पानाप्रमाणे गठ्ठा गळ्यात पडतो, पाहणीचा पहिला तास मात्र मोफत.

तीन वर्षांचा हट्ट त्यांनी सोडला. खरं तर प्रवर्गनिहाय जागा किती आणि भरल्या किती, एवढंच हवं असेल तर अर्जाचीही गरज नसते. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यायच्या वार्षिक अहवालात राखीव जागा आणि प्रत्यक्ष प्रवेश यांचं कोष्टक असतं आणि तो अहवाल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी भरलेली माहितीही तिथंच. हे आकडे आधी उतरवून घ्यावेत आणि मग त्यांच्यामागचे कागद मागावेत. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांची गोष्ट वेगळी : तिथले केंद्रीय फेऱ्यांचे कागद मुंबईच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाकडे असतात. चुकीच्या दारात अर्ज पडला तर पाच दिवसांत तो पुढे पाठवायचा असतो, कलम ६(३), पण ऐन प्रवेशात पाच दिवस म्हणजे एक फेरी.

अर्ज आवक झाला तसा प्राचार्यांना दाखवला. आमच्याकडे प्रथम अपिलीय अधिकारी तेच. "ञ लावा आणि मोकळे व्हा," ते म्हणाले. ञ म्हणजे कलम ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती. कार्यालयांचं लाडकं कलम. पण जी गुणवत्ता यादी नाव-गुणांसकट आपणच फलकावर टाचणीनं लावली, ती आता वैयक्तिक कशी? झाकायचे ते रकाने : मोबाइल, आधार, पत्ता, जन्मतारीख. कलम १० त्यासाठीच आहे, तेवढं झाकून बाकीचं द्या. प्राचार्य बोलले नाहीत, पण सही केली. (नोव्हेंबर २०२५ पासून ञ आणखी रुंद झालंय. डेटा संरक्षण कायद्यानं त्यातली जनहिताची अट आणि संसदेला नाकारता येत नाही ते नागरिकाला नाकारू नये हा परंतुक, दोन्ही काढले. जनहिताचा आधार आता ८(२) मध्ये शोधावा लागतो, म्हणून अर्जातच तो एका वाक्यात लिहिलेला बरा.)

झाकण्याच्या कामात दोन चुका हटकून होतात. काळ्या मार्करनं खोडलेलं पान उजेडात धरलं की आकडे वाचता येतात. रकान्यावर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढावी आणि तीच द्यावी. दुसरी चूक एक्सेलची. रकाना 'हाइड' करून फाइल दिली तर समोरचा दोन क्लिकमध्ये तो उघडतो. हवे तेवढेच रकाने नव्या शीटवर घेऊन पीडीएफ करावी.

पाहणी ठेवली २५ तारखेला, गणपतीच्या दोन दिवस आधी. कायद्यानं माझ्याकडे तीस दिवस होते, पण तोवर प्रवेश बंद झाले असते.

पहिला कागद जागावाटपाचा. कोल्हापुरात हा तक्ता झाकायचा कुणी विचारही करू नये. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम नोकऱ्यांमधल्या निम्म्या जागांसाठी होता हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. त्याच हुकुमात खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता सादर करावा असंही होतं, ते कुणी सांगत नाही. तर आमची तुकडी १२० ची, भटक्या जमाती-क (भज-क) ला साडेतीन टक्के, म्हणजे ४.२, म्हणजे चार जागा. काकांची मुलगी याच प्रवर्गातली.

दुसरा कागद गुणवत्ता यादी. संगणकातली फाइल निरुपयोगी निघाली : प्रत्येक फेरीला तीच फाइल बदलून 'सेव्ह' केलेली, पहिली यादी पुसली गेलेली. उरली होती ती समितीच्या सहीची छापील प्रत, कोपऱ्यात टाचणीची भोकं असलेली. फलकावरच्या प्रतीत नसलेला शेरा रकाना फायलीतल्या प्रतीत होता. मुलीच्या नावापुढे : 'नॉन-क्रिमिलेअर मुदतबाह्य, खुला.' उन्नत गटात मोडत नसल्याच्या या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपली होती, म्हणून तिला खुल्यात धरलेलं. तात्पुरत्या यादीवर हरकतीला दोन दिवस मिळतात, पण कारण छापलंच नाही तर हरकत कशावर घ्यायची?

"म्हंजे आमचंबी चुकलं," काका म्हणाले. नवं प्रमाणपत्र तोवर त्यांच्या पिशवीत होतं.

मग रद्द प्रवेशांची नोंद. शेवटच्या फेरीनंतर भज-क मधला एक प्रवेश रद्द, जागा रिकामी, यादीत त्या प्रवर्गाचं कुणी उरलेलं नाही म्हणून शेवटी खुल्यात वळवलेली. त्या जागेवर साठ टक्क्यांचा मुलगा. खुल्या यादीत ७१ वाली त्याच्या वर होती, पण ती 'उपस्थित नाही'. सूचनेवर तारीख ११ ऑगस्ट. मुलाच्या फीची पावती १२ तारखेची. सगळं बिनचूक.

काकांनी जावक नोंदवही मागितली, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला, सूचनेला तारखेनुसार क्रमांक पडतो ती. अर्जात चौथा मुद्दा लिहिला होता तो याचसाठी, पण तिथं काय निघेल याची मलाही कल्पना नव्हती. मी पान उलटत गेलो. ११ तारखेच्या नोंदींत ती सूचना नव्हती. १२, १३, नाही. सापडली ती १४ च्या रांगेत, शिष्यवृत्तीच्या पत्राच्या खाली आणि परीक्षा विभागाच्या पत्राच्या वर, त्याच शाईत. सूचना निघण्याच्या दोन दिवस आधी जागा भरलेली. काकांनी बोट ठेवलं ते पावतीवर नाही, त्या क्रमांकावर. तास संपायला दहा मिनिटं होती.

मुलाचा यात काही दोष नाही, त्याला बोलावलं म्हणून तो आला. बोलावलं कुणी, ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

"आता ही जागा गावंल का सायेब?"

माहिती अधिकारात जागा मिळत नाही, कागद मिळतो. अपील 'जोडपत्र ब'मध्ये, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, तीस दिवसांत, पण ते माहिती नाकारली तर. पुढचं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, आणि तिथं तारीख लागायला वर्ष उलटणं नवलाचं नाही. प्रवेश गुणवत्ता डावलून झाला ही तक्रार मात्र यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांखाली विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि तिथून विद्यापीठाच्या लोकपालाकडे नेता येते. प्रवेशासाठी अर्ज केलेली मुलगीही ती करू शकते. तसं एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

त्यांनी चौदा पानं निवडली. अठ्ठावीस रुपयांची पावती केली, प्रत्येक पानावर 'माहिती अधिकारात दिलेली सत्यप्रत' असा शिक्का मारला, सही केली. जावक नोंदवहीच्या पानावर शिपाई आजूबाजूच्या नोंदींवर पट्टी ठेवायला निघाला होता. त्याला थांबवलं. त्या पत्रांत कुणाचं खाजगी काही नव्हतं, आणि पट्टी ठेवली असती तर आमचा क्रमांक कुठल्या तारखेच्या रांगेत बसलाय तेच दिसलं नसतं.