कागदाचे पैसे

आमच्या अमळनेरात स्लॅबचा अंदाज चहा संपायच्या आत सांगावा लागतो. 1000 फुटांचा स्लॅब, किती जाईल? 5 इंच जाडी धरा, काँक्रीट 4 ब्रासच्या (ब्रास म्हणजे 100 घनफूट) जरा वर, सिमेंट 90-95 गोण्या, स्टील 8-9 क्विंटल, बीम वेगळे. चहा तुमचा, हिशेब माझा. याचा मी कधी रुपया घेतला नाही आणि घेणारही नाही. भांडण आहे ते पुढच्या कागदाचं, म्हणजे लेखी इस्टिमेटचं.

चार वर्षांपूर्वी पारोळ्याकडच्या एका निवृत्त मास्तरांना धाब्याचं घर पाडून नवं बांधायचं होतं. तीन चकरा झाल्या. जाऊन-येऊन दर वेळी 40 किलोमीटरच्या वर, पेट्रोल माझं. रात्री बसून एकेका सळईचं वजन काढलं. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 12 मिलिमीटरला मीटरमागे 888 ग्रॅम, असं कॉलमागून कॉलम. सहा पानं झाली. मास्तर म्हणाले, "पोराला विचारून कळवतो."

पंधरा दिवसांनी ओळखीच्या एका ठेकेदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो धाडला. "भो, हे फुटिंगचं स्टील बरोबर आहे का, बघ ना जरा." फोटोतलं अक्षर माझं होतं. काम त्याला मिळालं होतं, माझ्यापेक्षा 30 हजारांनी कमी सांगून. बरोबर आहे म्हणून कळवलं. दुसरं काय करणार? घर तर उभं राहायला पाहिजे.

तेव्हापासून लेखी इस्टिमेटचे 2000 रुपये घ्यायला लागलो. काम दिलं तर बिलातून वजा. पहिल्याच घरी एका बाबांनी विचारलं, "कागदना बी पैसा लेतस का तुम्ही?" माझ्या आईलाही ते पटलं नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतावरचा सालदार वर्षभरासाठी शब्दावर ठरतो, अन् तू कागद विकतोस म्हणे. मित्र सांगतात, डॉक्टरच्या तपासणी फीचं उदाहरण देत जा. मी देत नाही. पेशंट एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवून 'याच्यापेक्षा स्वस्तात बरं करा' असं म्हणत नाही.

निम्मी गिऱ्हाइकं गळाली. त्याचं फार वाईट वाटलं नाही; त्यातली बरीचशी नुसती भाव काढायलाच येत होती. अडचण वेगळीच निघाली, अन् ती माझ्या डोक्यात आली नव्हती.

चोपड्याकडे एका घराचं इस्टिमेट पैसे घेऊन दिलं. काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून पाया मुरमापर्यंत नेल्याशिवाय गत्यंतर नाही. पुढच्या अंगणात एक खड्डा घेऊन पाहिला, 5 फुटांवर मुरूम लागला. सगळीकडे 5 फूट धरून कागद केला. काम सुरू झालं, आणि मागच्या खोलीखाली जुनं पेव निघालं. आजोबा-पणजोबांच्या काळात त्यात ज्वारी साठवायचे, नंतर कुणीतरी राडारोडा टाकून बुजवलेलं. तिथल्या दोन कॉलमचा पाया 9 फुटांवर गेला. जादा खर्च सांगितला तर मालक शांतपणे म्हणाला, "फुकटचा कागद असता तर बोललो नसतो. पैसे घेतलेत ना? मग त्यात पेव का नाही?"

उत्तर नव्हतं. जादा खर्चातला निम्मा मी सोसला.

फुकट दिलेल्या कागदावर चूक झाली तर आपण 'अंदाज होता हो' म्हणून सुटतो. विकलेल्या कागदाला ती सोय नाही. आता 3500 घेतो, पण त्यात दोन बिगारी नेऊन पुढे-मागे दोन खड्डे खणून देतो. ज्याला खड्डे नको असतील त्याला चहावरचा अंदाज आहेच. आता गंमत अशी की कागदाला नाक मुरडणारे लोक खड्ड्याचे पैसे मुकाट देतात. घाम दिसतो ना.

मागच्या आठवड्यात धरणगावकडे असाच मागचा खड्डा आखत होतो. घरातल्या आजी ओट्यावर बसून बघत होत्या. फक्की टाकून झाल्यावर म्हणाल्या, "तठे नही रे भो, आठे खंदा." आणि काठीने चार हात डावीकडची जागा दाखवली.

तिथेच खणलं. 7 फूट गेलो तरी माती भुसभुशीतच लागत होती.